सुटाखालचे जोडे आणि माझ्या पश्चात त्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी श्रीमती हेमा श्यामसुंदर गाणबोटे, वय वर्षे एकसष्ट, धंदा पुरुषांचे सूट व बूट भाड्याने देणे, राहणार कसबा पेठ, पुणे, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करायचे ते आज ठरवून लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. हिरा बेलसरे यांनी मला तपासून दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून वळवलेले नाही. तसा प्रयत्न झाला होता. त्याची हकिगत योग्य जागी येईल.

वकिलांनी कच्च्या मसुद्यात 'धंदा' खोडून 'व्यवसाय' केले होते. मी ते पुन्हा 'धंदा' केले. कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहावे, कारणे लिहू नयेत, कारणांवरून लोक कोर्टात जातात, असेही त्यांनी सांगितले. ज्याला जायचे त्याने कारणे वाचून जावे, म्हणून ती लिहिली आहेत.

१. गाळा.

बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत, तळमजल्यावर माझा एक गाळा आहे. पाटीवर 'हेमश्याम सूट्स' असे नाव आहे. हा गाळा १९९४ साली मी माझ्या माहेरच्या पाटल्या आणि गोठ मोडून विकत घेतला. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावे असून बँकेच्या लॉकरमध्ये आहे. गाणबोटे घराण्याचा त्यात एक पैसा नाही. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण, माझे थोरले दीर श्री. महिपती गाणबोटे या गाळ्याला 'आपला गाळा' म्हणतात. तो त्यांचा नाही. कोणाचा होणार ते कलम सहामध्ये आहे. आधी तो कसा झाला ते लिहिते.

माझे यजमान कै. श्यामसुंदर हे सुटाचे शिंपी. याच गाळ्यात ते पूर्वी भाडेकरू होते. १९९१ नंतर दोन गोष्टी बरोबरीने झाल्या. तयार कपड्यांची मोठी दुकाने निघाली, त्यामुळे सूट शिवून घेणारे कमी झाले. आणि नव्या कंपन्या आल्या, मुलाखती आल्या, लग्नात रिसेप्शन आले, त्यामुळे सूट हवा असणारे वाढले. मात्र प्रत्येकाला तो एका दिवसापुरता हवा होता. मी म्हटले, "मग एका दिवसापुरता द्या." यजमान बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एके सकाळी स्वतःच नवी पाटी रंगवून घेऊन आले.

पहिल्याच लग्नसराईत एक नवरदेव सूट घालून आरशासमोर उभा राहिला. गडद निळा, लोकरी, यजमानांनी स्वतः बेतलेला सूट. खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. यजमान म्हणाले, "सूट काढा."

"का? मस्त बसलाय की."

"वर बसलाय. खाली मॅच चालू आहे. पैसे परत घेऊन जा."

नवरदेव गेला. मी म्हटले, अशी गिऱ्हाइके घालवत बसलो तर उपास पडतील, त्यापेक्षा बूटही आपणच ठेवू. तेव्हापासून आम्ही सुटाबरोबर बूट देऊ लागलो. यजमानांना पाठीमुळे वाकता येत नसे, म्हणून गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बूट चढवून बघण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ते आजतागायत माझ्याकडे आहे.

पुरुषांच्या पायांबद्दल मला जे कळले ते कोणा बाईला कळू नये. अंगाला अत्तर लावलेले, टाय बांधलेले, इंग्रजीत बोलणारे गृहस्थ मोजा काढतात तेव्हा जे बाहेर येते ते त्यांच्या घरच्यांनीही पाहिले नसावे. नखांत माती, बोटांच्या बेचक्यात भिजून पांढरे झालेले कातडे, आणि मोज्याला ओल्या फडक्याचा वास. मला सुरुवातीला ओकारी येत असे. मग मी तोंडात लवंग धरून काम करू लागले. लोक म्हणत, बाई फार कमी बोलतात. तोंडात लवंग असताना किती बोलणार?

१९९८ साली यजमान हृदयविकाराने वारले. शौनक, आमचा एकुलता मुलगा, तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. मी तेरावा उरकून दुसऱ्याच दिवशी दुकान उघडले, कारण त्या आठवड्यात लग्नाचा मोठा मुहूर्त होता आणि बारा नवरदेवांनी आगाऊ पैसे दिले होते.

२. श्री. महिपती गाणबोटे यांस.

मी गिऱ्हाइकांना बूट चढवू लागले त्या वर्षी गौरीजेवणाच्या पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भाऊजी म्हणाले होते, "गाणबोट्यांची सून परक्या पुरुषांच्या पायाशी बसते. यापुढे तिनं आमच्या देवघरात येऊ नये." माझे यजमान पानावरून उठले. त्यानंतर भाऊजींच्या घरी मला हळदीकुंकवाचेही बोलावणे आले नाही.

हेच भाऊजी २००३ साली माझ्या दुकानात आले. त्यांच्या मुलाचे रिसेप्शन होते. म्हणाले, "हेमा, जरा बरासा सूट काढ. आणि खाली ते काळे चकचकीत असतात ते. घरचंच दुकान आहे, पावती नको."

मी दिले. पुतण्याच्या पायाशी बसून बूटही चढवून पाहिले. त्या वेळी देवघराची आठवण कोणालाच झाली नाही. भाऊजी ते बूट चौथ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे ठेवून गेले. डाव्या बुटात नवरदेवाने ओकलेले होते. वर मलमलीचा रुमाल कोंबला होता, म्हणजे कोणाला तरी ते ठाऊक होते.

तो जोड मी साफ केला नाही. त्याच पिशवीत गाठ मारून माळ्यावर ठेवला आहे. तो जोड मी श्री. महिपती गाणबोटे यांस, आहे त्या स्थितीत, पिशवी व रुमालासह देत आहे. माझ्या मिळकतीतून त्यांना किंवा त्यांच्या वारसांना याखेरीज काही मिळू नये.

३. दुकान चालवणारास सूचना.

सूट व बूट यांचा सर्व साठा गाळ्याबरोबर जाईल, पण पुढील अटींवर. या अटी कोर्टात टिकणार नाहीत असे वकील म्हणतात. दुकानात टिकल्या तरी पुरे.

काळ्या सुटाखाली काळा, नाडीचा बूट द्यावा, दुसरा कोणताही नाही. गडद निळ्याखाली काळा. गिऱ्हाईक हट्टी असेल तर गडद तपकिरी, पण मग कमरेचा पट्टाही त्याच रंगाचा. राखाडीखाली काळा किंवा काळपट लाल. तपकिरी सुटाखाली काळा बूट मागणाऱ्याला सूटच देऊ नये. चवडा गोलसर असावा. हल्ली होडीसारखे लांब, टोकदार बूट निघाले आहेत. माणूस दाराबाहेर असतो तेव्हा त्याचे बूट आत आलेले असतात. ते आपल्याकडे नकोत. वर झुबके लटकणारे बिननाडीचे बूट सहलीला ठीक आहेत, मुलाखतीला नाहीत. आरशासारखे चकाकणारे फक्त नवरदेवाला, आणि तेही संध्याकाळी.

विजारीची कड बुटावर हलकेच टेकावी, चुण्या पडू नयेत. मोजा गडद आणि पोटरीपर्यंतचा हवा. माणूस बसल्यावर विजार आणि मोजा यांच्यामधून केसाळ पोटरी दिसणे यासारखे किळसवाणे दृश्य नाही, आणि मी बरीच पाहिली आहेत. परत आलेल्या बुटात आधी वर्तमानपत्राचे बोळे घालावेत, नंतर कडुलिंबाचा पाला. उन्हात ठेवू नये, कातडे तडकते.

सुटाखाली चपला घालून जातो म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. दार दाखवावे.

४. चि. शौनक यास काय द्यायचे व काय नाही, याचे कारण.

शौनकची सगळी फी या बुटांतून निघाली. त्याबद्दल मी त्याला कधी बोलून दाखवले नाही, इथेही उपकार म्हणून लिहीत नाही. मुलाचे शिक्षण आईने करायचेच असते. तो त्या वर्षांत दुकानात यायचा, पण गल्लीच्या तोंडाशी मित्र दिसला की जुनी पुस्तके चाळत उभा राहायचा. तेही मी वयाचे म्हणून सोडून दिले. त्याला पदवी मिळाली तेव्हाचा, झगा घातलेला फोटो मी गल्ल्याच्या मागे भिंतीवर लावला. तो अजून तिथेच आहे.

त्याला चांगली नोकरी लागली. खराडीला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत तो मॅनेजर झाला. लग्न ठरले. बैठकीत विहीणबाईंनी मला विचारले, "शाळेत कोणता विषय शिकवायचात?" तेव्हा मला कळले की शौनकने मला शिक्षिका करून टाकले आहे. मी म्हटले, "शिवण." सून प्रियदर्शनी हिला खरी गोष्ट नंतर कळली, तिनेही ती बाहेर जाऊ दिली नाही.

२००८ सालच्या उन्हाळ्यात उत्तरेश्वर लोमटे नावाचा मुलगा दुकानात आला. केज तालुक्यातला, कॉम्प्युटर घेऊन बी. एस्सी. झालेला, मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या चुलत्याकडे राहणारा. खराडीत मुलाखत होती. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायची जागा होती, म्हणून सूट घालून यायला सांगितले होते. मी बूट घेऊन खाली बसले तर तो उठून उभाच राहिला.

"काकू, तुम्ही नका. मी घालतो."

"बस. मला सवय आहे. कुठं दाबतं ते घालणाऱ्याला पहिल्यांदा सांगता येत नाही."

तो बसला. पाय स्वच्छ धुऊन आला होता. माझ्या आठवणीत पाय धुऊन आलेली गिऱ्हाइके फार थोडी आहेत. मी त्याला राखाडी सूट आणि काळे नाडीचे बूट दिले. उजव्या टाचेत थोडी पोकळी राहत होती, तिथे रबराचा तुकडा बसवला. तेव्हा आम्ही जोड बदलू नयेत म्हणून प्रत्येक बुटाच्या तळव्याला, टाचेपुढच्या खोलगट भागात पांढऱ्या रंगाने नंबर घालत असू. या जोडाचा नंबर शहात्तर.

त्याने दुसऱ्या दिवशी सगळे परत आणून दिले. बुटांना पॉलिश करून आणले होते. मी विचारले, "काय झालं?" तो म्हणाला, "कळवतो म्हणाले."

पुढच्या रविवारी माझी नात स्वराली हिचा वाढदिवस होता. मी खराडीला शौनकच्या घरी गेले. त्याच्या ऑफिसातले दोघे जण बायकांसह जेवायला होते. मी वाढत होते. आमरस वाढून झाला तेव्हा शौनकने मुलाखतीची गोष्ट काढली. एक मुलगा आला होता, पायावर पाय टाकून बसला, आणि त्याच्या बुटाच्या तळव्यावर नंबर दिसला. विचारले, हा नंबर कसला? तर म्हणाला, सर, बूट भाड्याचे आहेत. मग शौनक म्हणाला, "आपल्याला जॉबची ओनरशिप घेणारा माणूस पाहिजे. याने तर बूटसुद्धा ओन केलेले नव्हते."

सगळे हसले. शौनकही हसला. मी हातातले पातेले टेबलावर ठेवले आणि विचारले, "नंबर किती होता?"

शौनक ताटातली पोळी मोडू लागला. पाहुण्यांपैकी एक जण मुलाखत घ्यायला त्याच्याबरोबर होता. तो उत्साहाने म्हणाला, "सेव्हन्टी सिक्स, काकू. विसरणंच शक्य नाही."

"शहात्तर. म्हणजे माझ्याकडचा," मी म्हटले. "उजव्या टाचेत रबराचा तुकडा आहे. तो मी बसवला."

कोणाला काही कळेना. मी त्यांना समजावून सांगितले. "मी शिक्षिका नव्हते कधी. बुधवार पेठेत माझं सूट-बूट भाड्यानं द्यायचं दुकान आहे. शौनक त्यावरच शिकला. रस घ्या, गरम व्हायला लागलाय."

पाहुणे ताटाकडे बघत जेवले आणि लवकर उठले. स्वयंपाकघरात प्रियदर्शनी माझ्याजवळ आली. रडवेली झाली होती. म्हणाली, "आई, मी त्याला सांगितलं होतं, तुमच्यासमोर ही गोष्ट काढू नकोस म्हणून."

म्हणजे गोष्ट घरात आधी सांगून झाली होती. त्या गोष्टीत कोणाला वावगे काही वाटले नव्हते. माझ्यासमोर काढणे तेवढे वावगे होते. त्या रात्री मी तिथे राहणार होते. रिक्षा करून कसब्यात परत आले. पुरुषांच्या पायांची इतकी वर्षे घाण वाटली, पण ती धुतली की हातावरून जायची. ही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी शौनक दुकानात आला. माझ्याकडे कामाला असलेली चंपा समोर होती, तरी बोलला. "आई, त्याला बुटांमुळे नाही रिजेक्ट केलं. त्याचं कम्युनिकेशन वीक होतं. ती नुसती गंमत होती."

"असेल."

"तू लोकांसमोर माझा पोपट केलास."

"मी नंबर विचारला."

तो गेल्यावर चंपा म्हणाली, "बाई, हे आकडेच नकोत." आम्ही दोघींनी बसून सगळ्या तळव्यांवरचा रंग खरवडून काढला. आता खूण आत, बुटाच्या जिभेच्या मागे असते. पायावर पाय टाकून बसणाऱ्याला आता भीती नाही.

५. उत्तरेश्वर लोमटे याच्याबद्दल.

मला त्याची माफी मागायची होती. पावतीवर चुलत्याचा पत्ता होता. मी बसने मार्केट यार्डला गेले. कांद्याच्या एका आडत्याच्या गाळ्यात तो बिले करत बसला होता. मला पाहून त्याने पोत्यावर टॉवेल टाकून बसायला जागा केली.

मी म्हटले, "ज्या साहेबानं तुला बुटांबद्दल विचारलं, तो माझा मुलगा आहे."

"माहीत आहे, काकू."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या पाठीमागं सरांचा फोटो आहे ना, झग्यातला. मी आत गेल्या गेल्या वळखलं."

मला वाटले, मग याने तिथे खरे कशाला सांगितले? बूट मित्राचे आहेत म्हणाला असता तर निभावले असते. मी तसे विचारले.

तो म्हणाला, "मी मुद्दामच सांगितलं. म्हटलं, बुधवार पेठेतनं आणलेत, तिथल्या काकू लई चांगल्या आहेत, स्वतः पायात घालून देतात. मला वाटलं, सरांना बरं वाटंल."

"मग?"

तो बिलांच्या कागदांवर वजन ठेवू लागला. मी पुन्हा विचारले तेव्हा सांगितले. "दुसऱ्या साहेबांनी सरांना विचारलं, तू पण त्याच भागातला ना, ओळखतोस का या काकूंना? सर म्हणाले, नाही."

"तू काही बोलला नाहीस?"

"नाही, काकू. मला नोकरी पाहिजे होती."

शौनकने जेवताना गोष्ट सांगितली तेव्हा हा भाग गाळला होता. मी त्याला तो कधी विचारला नाही. आज इथे लिहिला आहे, म्हणजे त्याला मी गेल्यावर वाचता येईल आणि मला उत्तर ऐकावे लागणार नाही.

उत्तरेश्वरला पुढे एका लहान कंपनीत नोकरी लागली. मुलाखत फोनवर झाली. तो दर दोन-तीन महिन्यांनी दुकानात येऊन बसतो. काही घ्यायचे नसते.

६. आता वाटणी.

गेल्या महिन्यात शौनक आणि भाऊजी दोघे मिळून दुकानात आले. शौनक दुकानात आला तो आकडे खरवडले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, आणि भाऊजींबरोबर आला. एका बिल्डरला ती इमारत पाडून मोठी बांधायची आहे. शौनकने टाइप केलेला कागद पुढे केला.

"आई, तू फक्त इथे सही कर. तुला आता हे सगळं कशाला पाहिजे? लोकांचे घाणेरडे बूट हाताळायचे या वयात. खराडीला ये, आराम कर."

भाऊजी म्हणाले, "घराण्याची मिळकत आहे. घरातच वाटून घेऊ. बाहेरच्या माणसांच्या हाती जायला नको."

मी कागद वाचला. माझ्या सहीसाठी जागा सोडली होती, तिच्याखाली 'गृहिणी' असे छापले होते. मी म्हटले, "यात धंदा चुकीचा घातलाय." आणि कागद परत दिला. शौनक म्हणाला, "आई, प्रत्येक गोष्टीत टोमणा मारायलाच पाहिजे का?" भाऊजी निघण्यापूर्वी म्हणाले, "तुझ्या मागं हे असंही शौनकचंच होणार आहे. थांबू आम्ही." ते त्यांनी माझ्यासमोर, माझ्या खुर्चीत बसून म्हटले. त्या संध्याकाळी मी वकिलांना फोन केला.

तरी पुढीलप्रमाणे व्हावे.

कसबा पेठेतील दोन खोल्यांचा फ्लॅट शौनक यास. त्याचे हप्ते त्याच्या वडिलांनी फेडले होते, आणि बापाच्या घरावर मुलाचा हक्क मला मोडायचा नाही. भिंतीवरचा पदवीचा फोटोही त्यानेच न्यावा.

बँकेतील ठेवी नात स्वराली हिच्या नावे, ती सज्ञान होईपर्यंत कोणी हात लावू नये. तिला आजी काय करत होती ते खरे सांगावे. हे काम मी प्रियदर्शनीवर सोपवते. तिला ते जमेल असे मला वाटते. त्या दिवशी रडू तिला एकटीलाच आले होते. माझ्या कुड्या प्रियदर्शनीला.

यजमानांचे शिवणयंत्र, मोठी कात्री आणि पट्टी दुकानातच राहावीत.

गाळा, दुकानाचे नाव, सर्व सूट आणि बूट श्रीमती चंपा गेनबा शेडगे हिला, पूर्ण मालकीने. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढल्यावर ती माझ्याकडे आली. माझ्याबरोबर तिने तीच घाण हाताळली आणि माझ्यापेक्षा कमी तोंड वाकडे केले. मी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला कोर्टकचेरी जमणार नाही. शौनकदादा भांडतील." तिचे म्हणणे खरे आहे. ते भांडतील.

मला वाटले होते की गाळ्यात निम्मा हिस्सा उत्तरेश्वरला द्यावा, म्हणजे चंपाला पाठबळ होईल. मी त्याला बोलावून घेतले आणि मसुदा वाचायला दिला. त्याने तो उभ्याउभ्या दोनदा वाचला.

"काकू, मला हिस्सा नको."

"का?"

"मी घेतला तर ते म्हणतील, बाहेरच्यानं म्हातारीला गुंडाळली. मग माझं कोणी ऐकणार नाही, आणि चंपाताईंचं पण जाईल." मग तो म्हणाला, "मला साक्षीदार करा. ज्याला काही मिळत नाही त्याचं कोर्ट ऐकतं."

"समोर शौनक उभा असेल. वकील उलटसुलट विचारतील. तुझी नोकरी आहे, रजा काढून यावं लागेल."

"येईन."

मी विचारले, अजून विचार करायचाय का? तो म्हणाला, "त्या वेळी गप्प बसलो ते पुष्कळ झालं, काकू."

म्हणून मी त्याचे नाव वाटणीतून काढले आणि खाली घातले आहे. त्याच्याबरोबर डॉ. बेलसरे साक्षीदार आहेत.

माझ्या अंत्यविधीबद्दल एवढेच, की तो साधा करावा. भाऊजींना कळवावे, येणे न येणे त्यांच्यावर. शौनकने अग्नी द्यावा. माझा त्याच्यावर राग आहे, किळसही आली आहे. तो माझा मुलगा आहे, हे मात्र मी कोणी विचारले तरी नाकारणार नाही.

वरील मजकूर मी मला येते त्या भाषेत सांगितला, वकिलांनी लिहून घेतला, आणि मी स्वतः वाचून, पाच ठिकाणी त्यांच्या दुरुस्त्या खोडून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत दुकानात बसून सही केली. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढे केले तर त्यालाही कारणे असतील.

स्थळ: हेमश्याम सूट्स, बुधवार पेठ, पुणे
तारीख: १६ ऑक्टोबर २०११

सही
हेमा श्यामसुंदर गाणबोटे

साक्षीदार पहिले: डॉ. हिरा बेलसरे, कसबा पेठ, पुणे. बाईंना मी सही करण्यापूर्वी तपासले आहे. त्या पूर्ण शुद्धीवर असून त्यांनी सर्व मजकूर समजून सही केली.
सही: हिरा बेलसरे

साक्षीदार दुसरे: उत्तरेश्वर लोमटे, मूळ राहणार तालुका केज, जिल्हा बीड, सध्या पुणे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी या बाईंना ओळखतो.
सही: उत्तरेश्वर लोमटे